तात्पुरती

मानेशेजारून शिरून छातीत उतरलेली ती नळी
बसवताना डॉक्टर म्हणाले होते, तात्पुरती आहे,
हाताची शीर तयार झाली की काढू.
आम्ही वडगावची माणसं.
तात्पुरतं म्हणजे किती वर्षं
हे बेळगावात कुणी कुणाला शिकवू नये.

शीर दोनदा केली, दोनदा मिटली.
तिसऱ्यांदा विचारलं तर तुम्ही म्हणालात,
राहू दे की आता, ह्या हातानं धोटा धरायचाय.
राहिली.
एकोणीस महिने.

अंघोळ कंबरेपर्यंत. वर ओला पंचा.
केस मी धुवायची, मान वाकवून,
पट्टीवर थेंब उडू नये म्हणून श्वास धरून.
बटाटे चिरून रात्रभर पाण्यात, मग दोनदा उकळून,
चव सगळी मोरीत.
तुम्ही खायचात. वर म्हणायचात, मीठ बरं पडलंय.
मीठ मी घातलेलंच नसायचं.

सोमवार, गुरुवार.
भर वैशाखात मशीन लावून अर्धा तास झाला
की थंडी भरायची, दात वाजायचे,
सिस्टर चादर टाकायची, एक गोळी द्यायची.
घरी येईतो अंग गार.
मशीनमधलं पाणी गार असंल, भरमा साळी म्हणाले,
आणि भरमा साळींच्या बायकोनं ते मानलं.
स्वस्तातलं कारण माणूस आधी उचलतो.
तीन वेळा उचललं मी. तीन वेळा.

मग ती अंधारी खोली.
पडद्यावर तुमचं काळीज, राखेच्या रंगाचं,
आत नळीचं टोक,
आणि टोकाला काहीतरी लोंबत होतं.
प्रत्येक ठोक्याला झुलायचं,
झडपेच्या दारातून डोकावून परत यायचं,
शेजारच्या पोरासारखं.
मशीनवाला मुलगा इतका वेळ बडबडत होता,
तो गप्प झाला.

मोठे डॉक्टर धारवाडकडचे.
एळेदरू कष्ट, बिट्टरू कष्ट, ते म्हणाले.
वैजूनं मराठीत सांगायला तोंड उघडलं,
मी म्हटलं, कळलं.
तीस वर्षं कांड्या भरल्यात मी.
गुंता ओढला तर कुठं जाऊन तुटतो,
आणि सोडला तर किती कापड खातो,
मला कुठल्याही भाषेत कळतं.
फक्त तिथं कापड होतं,
कात्री लावून पुढं जाता यायचं.

कागद कन्नडमधला. वैजू कन्नड शाळेतली,
बोट ठेवून वाचत होती,
एका शब्दावर बोट थांबलं.
प्राणापाय.
त्यातला प्राण आमचाही, अपायही आमचाच.
आम्ही अपाय म्हणतो तो थंड पाण्यानं होतो,
उन्हानं होतो.
सही मी मराठीत केली. कुणी हरकत घेतली नाही.

बाहेर बाकावर बैलहोंगलची एक बाई,
तिचा मुलगा आत.
तिनं कडक भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात ठेवली.
सहा तासांत आम्ही दोघी
एवढंच बोललो, की चटणी तिखट आहे.

नंतर बाटलीतून दाखवली.
चिंचोक्याएवढी.
वास नाही, आवाज नाही, काही नाही.
ही आत झुलत होती आणि
आम्ही गौरीचं जेवण जेवलो,
वैजूला बघायला पाहुणे आले,
तुम्ही मागाचा पट्टा बदललात.

आता दुसऱ्या बाजूनं नवी नळी आहे.
डॉक्टर म्हणाले, तात्पुरती. मी हसले नाही.
ह्यावेळी उजव्या हाताची शीर करून घेतलीय,
रबरी चेंडू दाबत बसता तुम्ही उंबऱ्यावर,
मनगटावर कान ठेवला की आत घरघर ऐकू येते,
लांबच्या आळीत कुणाचा तरी माग चालू असावा तशी.
रात्री दोनदा ऐकते. तुम्हाला वाटतं, मी पांघरूण सारखं करतेय.

आणि सोमवारी, गुरुवारी,
रिक्षातून उतरताना एकच सांगते:
थंडी वाजली तर सांगा.
लोकांना त्रास कशाला, असं म्हणू नका.
चादर मागू नका.
सांगा.